रुग्ण बालक आणि घराचा अखत्यार

घरातले लहान मूल आजारी पडले म्हणजे वडीलधाऱ्या माणसांच्या मनाचा तोल सहसा दोन दिशांनी ढळतो. काही घरांत सर्व भार डॉक्टरांवर टाकून, बाटलीतले औषध ठरल्या वेळी पाजले की आपले कर्तव्य संपले अशी समजूत करून घेतली जाते. तर काही घरांत आजी, मावशी, शेजारीण आणि वाटेत भेटलेला परिचित यांपैकी जो जो जे जे सुचवील ते ते त्या इवल्या जिवावर करून पाहण्याची घाई उडते. मुलाविषयीची माया दोन्हीकडे खरीच असते. परंतु दोन्हीकडे एक वस्तुस्थिती नजरेआड होते. ती अशी की, बालवयात वारंवार होणारे जे आजार, म्हणजे जुलाब, ताप, सर्दी-खोकला, त्यांच्या चिकित्सेचा फार मोठा भाग घरातच आणि घरच्यांच्याच हातून पार पडतो. डॉक्टर मुलाला फार तर दहा मिनिटे पाहतात. दिवसभरात ते किती पाणी प्यायले, लघवी केव्हा झाली, मध्यरात्री त्याचा श्वास कसा चालला होता, ही सारी हकीकत ठाऊक असते ती उशाशी बसलेल्या माणसाला. त्या माणसाच्या कामाचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. आणि ते काम किती मोलाचे आहे हे जुलाबाच्या आजारात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र दिसत नसल्यामुळे विवेचनाचा पुष्कळसा भाग त्या आजारालाच दिला आहे.

जुलाबाने मूल दगावते ते बहुधा जंतूंच्या प्रत्यक्ष माऱ्याने नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. प्रौढ माणसात तेच प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास येते. 10 किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून जुलाब-उलट्यांवाटे एक लिटर पाणी गेले, तर त्याने आपल्या वजनाचा दहावा हिस्सा गमावलेला असतो, आणि ही अवस्था तीव्र जलशोषाची, म्हणजे जिवावर बेतणारी असते. तेवढेच पाणी गमावलेल्या त्याच्या बापाला मात्र थोडा अशक्तपणा येऊन निभावून जाते. म्हणूनच मोठ्या माणसाच्या अनुभवावरून लहान मुलाच्या जुलाबाची पारख करू नये. जी लक्षणे पाहावयाची ती साधी आहेत, आणि आपल्या बायाबापड्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत: डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, जीभ कोरडी पडते, तान्ह्या बाळाची टाळू खचते, दुपटे तासन्‌तास कोरडे राहते. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच उचलून सोडावी. निरोगी मुलाची कातडी तत्क्षणी पूर्ववत बसते, पाणी कमी झालेल्या मुलाची रेंगाळत बसते, आणि चिमटीची वळी दोन सेकंदांहूनही अधिक काळ तशीच उभी राहिली तर आता घरी थांबण्याची मुभा नाही असे समजावे. मुलाची वृत्तीही पाहावी. पाण्याच्या वाटीकडे झेपावणारे, चिडचिडे झालेले मूल पाणी मागत असते. जे मूल मलूल पडले आहे, हाकेला नीट ओ देत नाही आणि ओठाशी चमचा लावला तरी गिळत नाही, ते अधिक धोक्यात असते. ‘आता शांत झोपले आहे’ असे म्हणून त्याला तसेच राहू देण्यात कित्येकदा घात होतो.

गेलेले पाणी परत भरून काढावयाचे ही कल्पना आज इतकी सहज वाटते की ती शास्त्राला सहजासहजी पटली नव्हती हे खरे वाटू नये. पोट बिघडले आहे, तेव्हा पोटाला विश्रांती द्या, आणि पाणी द्यावयाचेच तर ते शिरेवाटे द्या, असा दंडक दीर्घकाळ होता. आतड्याच्या अस्तरातून साखर व मीठ यांचे कण परस्परांच्या सोबतीने आत शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते, ही उपपत्ती रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 साली मांडली. पुढे असे दिसून आले की, पटकीसारख्या भयंकर रोगातही, आतडे पाण्याच्या धारा बाहेर टाकीत असताना, शोषणाचा हा मार्ग मात्र शाबूत राहतो. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही. नुसते मिठाचे पाणीही उपयोगी पडत नाही. पण योग्य प्रमाणात साखर आणि मीठ एकत्र असले तर तेच पाणी अंगी लागते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे असे मिश्रण देऊन पाहिल्याचे 1953 सालीच प्रसिद्ध केले होते. ढाक्यात डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी 1968 मध्ये काटेकोर प्रयोगांनी हीच गोष्ट सिद्ध केली. तरीही हा उपचार रुग्णालयाबाहेर, अशिक्षित माणसांच्या हाती सोपवावा असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

ते धाडस प्रसंगाने करविले. 1971 साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांतून पटकीचा उद्रेक झाला. सीमेलगतच्या बनगाव येथील छोट्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनोबिस यांची नेमणूक होती. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, शिरेवाटे द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आलेला, आणि सलाइन लावण्यास शिकलेली माणसे तर त्याहूनही थोडी. अशा वेळी त्यांनी 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधून आणविल्या, त्या मोठ्या पिंपांतील पाण्यात कालविल्या, आणि ते पाणी पेल्यांतून भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. पाजण्याचे काम आयांनी, बहिणींनी, भावांनी केले. छावण्यांत जेथे पूर्वी शेकडा तीसच्या घरात रुग्ण मरत होते, तेथे या उपचाराखाली आलेल्यांत हे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. या वृत्तांतातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग पुडीतल्या क्षारांचा नाही. रुग्णालयाने आपला अखत्यार नातेवाइकांकडे दिला आणि त्यांनी तो समर्थपणे चालवून दाखविला, हा आहे. 1978 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराच्या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणून गौरविले. डॉ. महालनोबिस 2022 साली वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

याच कल्पनेची पुढची पायरी बांगलादेशात गाठली गेली. तेथील ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून दहा वर्षे घरोघर स्त्री-शिक्षिका पाठविल्या. त्यांच्याजवळ पुड्या नव्हत्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ आणि मूठभर गूळ, एवढेच साहित्य वापरून आईने स्वतःच्या हाताने पाणी कालवावयाचे, आणि शिक्षिकेने ते पाहावयाचे. शिक्षिकेचा मेहनताना ठरविण्याची पद्धत विलक्षण होती: काही दिवसांनी दुसराच कार्यकर्ता त्या घरी जाई, आईला पाणी तयार करावयास सांगे, तिला किती आठवते ते पाही, आणि त्या प्रमाणात शिक्षिकेला पैसे मिळत. शिकविले किती यापेक्षा शिकले किती याला दाम देणारा हा व्यवहार आपल्याकडील आरोग्यशिक्षणाच्या कारभारात मुरला असता तर किती बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत ते ज्ञान पोहोचले.

आपल्याकडे हे मिश्रण जलसंजीवनी या नावाने परिचित आहे, आणि त्याच्या पुड्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत, आशाताईंजवळ व कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून मान्य केलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सायट्रेट आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. पुडी एक लिटरची असेल तर ती सबंधच्या सबंध एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि लहान असेल तर तीवर छापलेल्या मापाच्या पाण्यात, एकाच वेळी रिकामी करावी. चिमूटभर पूड पेल्यात टाकून बाकीची गुंडाळून ठेवणे ही घरोघर होणारी चूक आहे, आणि ती क्षुल्लक नाही. कारण पाणी कमी पडले तर मिठाचा अंश वाढून मुलाला अपाय होतो, आणि पाणी जास्त झाले तर मिश्रणाचा गुण नाहीसा होतो. त्यात वरून साखर घालू नये, दूध वा सरबत मिसळू नये, आणि कालविलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. फार गोड पाणी आतड्यातून शोषले जाण्याऐवजी शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते; तेव्हा बाटलीबंद शीतपेये, फळांची तयार सरबते आणि जलसंजीवनीचे नाव धारण करून खोक्यांतून विकली जाणारी गोड पेये रुग्ण बालकास देऊ नयेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 साली अशा पेयांच्या वेष्टनावर ते नाव छापण्यास मनाई केली, हे फार उशिरा का होईना, योग्य झाले. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे आणि मुलाला देण्यापूर्वी स्वतः चाखून पाहावे. अश्रूंहून खारट लागले तर ते ओतून देऊन पुन्हा करावे. या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसते, म्हणून केळे, शहाळ्याचे पाणी, वरणाचे पाणी यांची जोड द्यावी.

पाजण्याचे तंत्र मात्र बारकाईने सांगितले पाहिजे, कारण ‘पाजले पण टिकत नाही’ ही तक्रार जेथे जेथे ऐकू येते, तेथे बहुधा पेला तोंडाला लावलेला असतो. तहानलेले मूल घटाघट पिते, ताणलेले पोट ते उलटून टाकते, आणि आई हताश होऊन पाणीच बंद करते. मुलाला मांडीवर अर्धवट बसते करावे, मान आपल्या दंडावर टेकवावी, वाटी जवळ घ्यावी आणि लहान चमच्याने, गालाच्या आतल्या बाजूने, एकेक चमचा द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे, आणि पुन्हा दोन-तीन मिनिटांना एक चमचा या गतीने सुरुवात करावी. चमच्याने असे कितीसे पाणी जाणार, ही शंका रास्त असली तरी हिशोब तिच्याविरुद्ध जातो. बऱ्यापैकी पाणी कमी झालेल्या मुलास पहिल्या चार तासांत दर किलो वजनामागे 75 मिलिलिटर द्यावे असा निर्देश आहे. म्हणजे 10 किलोच्या मुलाला 750 मिलिलिटर. लहान चमच्यात पाच मिलिलिटर धरले तर हे 150 चमचे होतात, आणि चार तासांत मिनिटे असतात 240. जे काम शिरेत सुई टोचून करावे लागते असे वाटते, ते वाटी-चमचा घेऊन बसलेली आई चार तासांत पुरे करू शकते. फक्त तिला त्या चार तासांत स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे यांतून मोकळीक मिळाली पाहिजे, आणि ही तजवीज करणे हे घरातल्या पुरुषांचे काम आहे. पाणी भरून आल्यावर पुढे प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलास 50 ते 100 मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्यास 100 ते 200 मिलिलिटर देत राहावे. जुलाब लगेच थांबत नाहीत म्हणून या पाण्याला दोष देऊ नये. त्याचे काम जुलाब थांबविण्याचे नाही. जुलाब आपोआप ओसरेपर्यंत मुलाला जगविण्याचे आहे.

लंघनाची रूढी आपल्या समाजात खोल रुजलेली आहे, आणि मोठ्या माणसाच्या अपचनात एखादी वेळ उपाशी राहिल्याने बिघडत नाही हेही खरे. परंतु तोच नियम वर्षा-दीड वर्षाच्या मुलास लावणे अत्यंत अनिष्ट होय. आतड्याचे अस्तर झिजलेले असते आणि ते पुन्हा तयार होण्यास अन्नच लागते. अंगावरचे दूध एक वेळही तोडू नये. उलट अधिक वेळा पाजावे. वरचे अन्न घेणाऱ्या मुलास मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, तेलातुपाचा थेंब घातलेली पेज, ताक, कुस्करलेले केळे, थोडे थोडे पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. दात येत आहेत म्हणून जुलाब होतात, ते होऊ द्यावेत, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. त्या वयात मूल हाती येईल ते तोंडात घालते, जंतू त्या वाटेने पोटात जातात, आणि दोष दातांच्या माथी बसतो.

औषधांच्या बाबतीत थोडक्यात सांगावयाचे तर, पाण्यासारख्या जुलाबांत प्रतिजैविकांचा बहुधा उपयोग नसतो; शौचात रक्त दिसले तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. आतड्याची हालचाल बांधून टाकणारी औषधे लहान मुलास कधीही देऊ नयेत. मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. मूल निपचित पडे, आणि त्यालाच गुण आला असे मानले जाई. बाळगुटी उगाळताना जायफळाचे वेढे वाढविणाऱ्यांनीही हे स्मरणात ठेवावे, आणि एक वर्षाखालील मुलास कोणत्याही निमित्ताने मध चाटवू नये. याउलट एक औषध अवश्य द्यावे, ते म्हणजे जस्ताची, अर्थात झिंकची, विरघळणारी गोळी: सहा महिन्यांवरील मुलास दररोज 20 मिलिग्रॅम, त्याखालील मुलास 10 मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी पुरते 14 दिवस.

तापाविषयी घरात जितकी भीती असते तितका ताप स्वतः घातक नसतो. तो शरीराच्या प्रतिकाराचाच एक भाग आहे. ताप डोक्यात जाईल या धास्तीने बर्फाच्या पट्ट्या ठेवणे आणि थंडी वाजते म्हणून घोंगड्यांत गुंडाळणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. सुती कपडे, मोकळी हवा आणि पुष्कळ पाणी एवढे पुरते. मूल अस्वस्थ असेल तर पॅरासिटामॉल द्यावे, पण मोजून. दर किलोमागे 15 मिलिग्रॅम या हिशोबाने 10 किलोच्या मुलाची मात्रा 150 मिलिग्रॅम होते. हे औषध बाजारात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते: पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असेल तर सहा मिलिलिटर, 250 असेल तर तीन मिलिलिटर, आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरमध्ये 100 असेल तर केवळ दीड मिलिलिटर. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ या आठवणीवर विसंबण्यात केवढा धोका आहे हे यावरून ध्यानात येईल. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचावा, दोन मात्रांमध्ये सहा तास जाऊ द्यावेत, आणि ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर कधी झटके येतात. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवावे, आसपासची टोकदार वस्तू दूर करावी, दातांत चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये, आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ वाहन बोलवावे. थांबला तरी पहिल्याच झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

घड्याळाचा खरा उपयोग खोकल्यात आहे. साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची घरगुती खूण म्हणजे श्वासांची संख्या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे ज्ञान खेड्यातल्या सुइणींपर्यंत नेले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी वाळूचे मिनिटभराचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी यांचे साधे साधन तयार केले. त्या कार्याने बालमृत्यू घटल्याचा वृत्तांत 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने जगभर मान्यता मिळविली. मोजण्याची रीत अशी: मूल रडत वा पीत नसावे, झबले वर सरकवून पोट व छाती उघडी करावी, आणि पूर्ण एक मिनिट पोटाचे वरखाली होणे मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात 60 वा अधिक, दोन महिने ते एक वर्षात 50 वा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 वा अधिक श्वास भरले तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजावे. बाळाचे श्वास अधिक भरले तर लगेच पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास आत घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकड्याची वाटही पाहू नये.

येथे घराचा अखत्यार संपतो, आणि तो कोठे संपतो हे ओळखणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे. मूल काहीच पिऊ शकत नाही वा अंगावर ओढत नाही, जे घेतले ते सर्व उलटते, झटके आले आहेत, किंवा ते मलूल होऊन जागे होत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असो वा सणवार असो, 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाच्या अंगात ताप असणे हेही तितकेच निकडीचे. वाटेत जलसंजीवनीचा चमचा थांबवू नये, मात्र मूल गिळत असेल तरच. बरोबर एक कागद न्यावा: जुलाब किती झाले, शेवटची लघवी केव्हा, ताप किती, कोणते औषध किती मिलिलिटर आणि किती वाजता. गोंधळलेल्या मनाने तोंडी दिलेल्या माहितीपेक्षा अशा चार ओळी डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात.

मूल बरे झाले म्हणजे घरातले सारे लक्ष एकदम उठते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला अन्नाची गरज सर्वाधिक असते. आजारात झडलेले वजन भरून येण्यासाठी पुढील दोन आठवडे नेहमीच्या जेवणांखेरीज रोज एक जेवण अधिक द्यावे, झिंकच्या उरलेल्या गोळ्या संपवाव्यात, आणि अंगणवाडीत नेऊन त्याचे वजन वृद्धीपत्रकावर मांडून घ्यावे. पत्रकावरची रेषा दोन आठवड्यांनंतरही पूर्वीच्या जागी आली नसेल, तर मूल हसतेखेळते दिसत असले तरी त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.